शब्दचर्चा: पोलादी पूल ‘सांधेविरहित’ की ‘एकसंध’?

प्रश्न: पोलादी पुलांबद्दल ‘सांधेविरहित’ आणि ‘एकसंध’ असे दोन्ही शब्द वाचनात येतात. अर्थ एकच का? आणि सांधाच नसेल तर उन्हाळ्यात वाढलेली लांबी जाते कुठे?

प्रतिसाद १: अर्थ एक नाही. इथे सांधा म्हणजे फक्त प्रसरण सांधा, म्हणजे तापून लांबी वाढायला पुलाच्या पृष्ठभागात ठेवलेली फट. गर्डरचे (पूल तोलणाऱ्या लांब तुळईचे) तुकडे जोडणारे बोल्टचे किंवा वेल्डिंगचे सांधे असतातच. मधल्या खांबांवरचे प्रसरण सांधे काढले पण टोकांचे ठेवले, तर तो नुसता ‘सलग’ पूल. टोकांचेही काढले, की ‘सांधेविरहित’. त्यातही गर्डरची टोके अंत्याधाराच्या (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीच्या) काँक्रीटमध्येच पक्की केली, तिथे सांधा नाही आणि बेअरिंगही (गर्डरला सरकू देणारी बैठक) नाही, तर ‘एकसंध’.

लांबी वाढायची ती वाढतेच. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढते. ६० मीटरचा पूल, वर्षभरातला फरक ४० अंश धरला तर एकूण सुमारे २९ मिमी, म्हणजे प्रत्येक टोकाला १४-१५ मिमी. तेवढा अंत्याधारच पुढेमागे होतो. म्हणून त्याखाली एच-आकाराच्या पोलादी पाइल (जमिनीत खोल ठोकलेले खांब) एकाच ओळीत घेतात, बऱ्याचदा कमजोर अक्षावर, म्हणजे ज्या दिशेने सहज वाकतात त्या दिशेने, वाकतील अशा बसवून. जमीन कडक असेल तर वरचे काही मीटर मोठे भोक पाडून पाइलभोवती सैल वाळू भरतात.

प्रतिसाद २: रेल्वेच्या बिनसांध्याच्या रुळावरून अंदाज बांधू नका. रूळ स्लीपर आणि खडीने जखडलेला असतो, म्हणून वाढ न होता ताण साठतो. गर्डर तसा पूर्ण जखडला तर ४० अंशांना ९६ मेगापास्कल (ताणाचे एकक) ताण नुसत्या तापमानाचा येईल. २५० मेगापास्कल क्षमतेच्या पोलादाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एकसंध पुलाची सगळी युक्ती हलू देण्यात आहे.

प्रतिसाद ३: खरे दुखणे मातीत. हिवाळ्यात अंत्याधार आत सरकला की मागे फट पडते, भराव खाली घसरून ती भरतो. पुढच्या उन्हाळ्यात अंत्याधार त्याच भरावाला रेटतो. दरवर्षी माती आणखी घट्ट होते, दाब चढत जातो आणि वर पोचस्लॅबखाली (रस्ता आणि पूल यांमधल्या काँक्रीटच्या लादीखाली) पोकळी. पोचस्लॅब नसेल तर रस्ता खचून गाडीला दणका बसतो. उपाय म्हणून भिंतीमागे दबणारा थर्माकोलचा थर देतात. भराव दोन्ही टोकांना बरोबरीने चढवावा, नाहीतर पूल एका बाजूला ढकलला जातो.

तिरक्या पुलात, म्हणजे ज्याचे अंत्याधार रस्त्याला काटकोनात नसतात अशा पुलात, दोन टोकांचे मातीचे दाब एका रेषेत येत नाहीत, पूल आडव्या पातळीत फिरू पाहतो. ब्रिटनच्या जुन्या मार्गदर्शिकेत ६० मीटर लांबी आणि ३० अंश तिरकेपणा अशी मर्यादा होती.

प्रतिसाद १: एक भर. टोकाचे काँक्रीट भर उन्हात ओतू नये. गर्डर दिवसभर लांबी बदलत असतो. काँक्रीट घट्ट होत असतानाच तो हलला तर टोकाशी भेगा पडतात. ढगाळ दिवस किंवा रात्र बरी.

आणि ‘सांधेविरहित’ हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. सांधा पुलावरून हटतो खरा, पण लांब पुलात तो पोचस्लॅबच्या पलीकडच्या टोकाला ठेवावाच लागतो. तिथे गळला तरी पाणी गर्डरवर पडत नाही, फायदा तेवढाच, पण पोलादाला तो मोठा.