एचओ मांडणी: पुलापर्यंतचा चढ बसत नाही

शाखामार्ग:
मॉडेल रेल्वेची एचओ (१:८७ प्रमाण) मांडणी, उघडी लाकडी चौकट (वर सलग फळी नाही). शाखा मुख्य मार्गावरून पुलाने न्यायची आहे. पुलाखाली ७.६ सेंमी मोकळीक, वर १२ मिमी प्लाय, ५ मिमी कॉर्क, ५ मिमी रूळ, म्हणजे ९.८ सेंमी चढायचे. लांबी २६० सेंमी, मध्ये ४५ सेंमी त्रिज्येचे पाव वर्तुळ. चढ ३.८ टक्के येतो. ठोकळ्यांवर रूळ मांडून पाहिले: ४०० ग्रॅमचे इंजिन सहा डब्यांसह (प्रत्येकी १५० ग्रॅम) वळणावर चाके जागीच फिरून घसरते आणि पायथ्याशी कपलिंग (डबे जोडणारा आकडा) सुटते. इंजिनात वजन भरू का?

चढउतार:
वजन नको. चाके घसरायची थांबली की सगळा भार मोटरवर येतो आणि ती तापते. दोष चढाचा आहे.

वळणही चढासारखेच ओढते. एचओमध्ये ८१ला सेंमीतल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के वाढतात, ४५ला १.८. म्हणजे वळणावर ५.६ टक्के झाले. डब्यांचा स्वतःचा अडथळा २.५ टक्के धरला, तर ९०० ग्रॅमसाठी ७३ ग्रॅम ओढ, इंजिनाला स्वतःला वर चढायला आणखी १५. असे इंजिन साधारण वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे, ८० ग्रॅम ओढते, आणि इथे ८८ लागतात.

कपलिंग सुटते ते चढ एकदम सुरू होतो म्हणून. दोन्ही टोकांना निदान ६० सेंमीत चढ हळूहळू बदलू द्या. त्या ६० सेंमीत निम्मीच उंची मिळते, म्हणून हिशेबाला २६० नव्हे, २०० सेंमी धरा. तुमची उंची तशीच ठेवली तर ४.९ टक्के!

दोनरूळ:
म्हणून आधी उंची कमी करा. पुलावर प्लाय आणि कॉर्क कशाला? दोन्ही बाजूंना गर्डर आणि मध्ये रूळ असा पूल घ्या, तळ ३ मिमी पुरतो. ७.६ + ०.३ + ०.५ = ८.४ सेंमी. चौकट उघडी आहे, तर मुख्य मार्ग पुलाखाली ४ सेंमी उतरवा. २ टक्क्यांनी, दोन्ही टोकांचे ४०-४० सेंमीचे बाक (चढ हळूहळू बदलणारा भाग) धरून, त्याला प्रत्येक बाजूस २४० सेंमी लागतील. शाखेला ४.४ उरले, सरासरी २.२ टक्के.

पण हा चढ सगळीकडे सारखा ठेवू नका. वळणावर (सुमारे ७१ सेंमी) १.२ आणि सरळ भागात २.७५ ठेवा. वळणाचे १.८ धरून दोन्हीकडे ओढ जवळपास सारखी होते, आणि गणित ४.४लाच जुळते.

शाखामार्ग:
मुख्य मार्गाला तेवढी जागा आहे. बाक नेमका कसा द्यायचा? आणि पूल ओलांडताच स्टेशन आहे, तिथे थोडा चढ चालेल?

चढउतार:
प्लायची पट्टी सलग ठेवा. पायथ्याआधीचे ३० सेंमी सपाट स्क्रूने घट्ट बसवा आणि पुढचे टोक उचला. प्लाय आपोआप वाकतो. जोड मात्र या भागात आणू नका, तिथेच कोपरा पडतो. आधाराचे ठोकळे ३० ते ४० सेंमीवर. प्रत्येक ठोकळ्यावर आडवी लेव्हलही बघा, पट्टी पिळली गेली तर डबे रुळावरून उतरतात.

चढ मोजायला ५० सेंमीच्या लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली १३.७५ मिमीची चकती ठेवा. बुडबुडा मधोमध आला की २.७५ टक्के. वळणासाठी ६ मिमी.

स्टेशन पूर्ण सपाट हवे, सोडलेले डबे घरंगळतात. चढ पुलाआधीच संपवा, आणि पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) बाकावर अजिबात नको.