वाळवंटातला सरळ रस्ता : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रामराम मंडळी. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे माझी अशी समजूत होती की वाळवंट म्हणजे काय वेगळं असणार, भुसावळात दोन ट्रक वाळू ओतली की झालं वाळवंट. गेल्या डिसेंबरात जळगावहून धुळे, सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर गाठलं, नुसतं जायचंच अंतर अकराशे किलोमीटरच्या वर, आणि ती समजूत तिथंच गळून पडली. ऊन नव्हतंच. थंडीच होती. त्रास दिला तो रस्त्याच्या सरळपणानं.

जैसलमेर ते तनोट साधारण १२० किमी. सुरुवातीला पवनचक्क्या असतात, काहीतरी फिरतंय म्हणून बरं वाटतं. रामगड सुटलं की मग काहीच नाही, रस्ता लाटेसारखा वर-खाली होतो पण डावी-उजवी नाही, दोन्हीकडे रुईची झुडपं, मधूनच एखादी खेजडी (म्हणजे शमीचं झाड), आणि समोर तोच रस्ता. मी नव्वदच्या स्पीडनं चाललोय, डोळे उघडे, शपथ घेऊन सांगतो उघडे, आणि बायको एकदम शांतपणे म्हणाली, "अहो, आपण उजवीकडून का चाललोय?" बघतो तर खरंच गाडी पूर्ण समोरच्या लेनमध्ये. समोरून कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहून राहिलोय. गाडी कडेला घेतली, बंद केली, खाली उतरलो. इतकी शांतता की तापलेलं इंजिन थंड होताना टिक... टिक... करतं ते दहा पावलांवरून ऐकू येत होतं. आमची आजी सांगायची चकवा लागला की माणूस रानात रात्रभर गोल गोल फिरतो. तिथला चकवा सरळ नेतो एवढाच काय तो फरक.

तर धागा त्यासाठी. थरचं वाळवंट असो, कच्छ असो, आखातात नोकरीला असाल तर तिकडचं लिहा. कुठल्या महिन्यात गेलात, काय चुकलं, जागं कसं राहिलात. तनोटच्या देवळातले १९६५ च्या युद्धात न फुटलेले बॉम्ब सगळ्यांनी बघितलेत, लोंगेवालाचे रणगाडेही, तेवढे फोटो नकोत. रस्त्याचं लिहा.

पांझराकाठचा, धुळे

आम्ही गेलो मे महिन्यात. हसू नका, पोरांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. बाडमेरच्या पुढं एका ढाब्यावर एका शहाण्यानं सांगितलं की गरमीत हवा फुगते, टायर फुटेल, थोडी कमी करा. मीही शहाणा, चारही टायरमधली पाच-सहा पॉइंट हवा सोडली. हे बरोबर उलटं आहे हे नंतर कळलं. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या फेऱ्यागणिक जास्त दबते, वाकते, त्या वाकण्यानं टायर आतून तापतो आणि मग फुटतो. हवा सकाळी गाडी थंड असताना कंपनीनं दाराच्या आत लिहिलेल्या आकड्याइतकी भरायची आणि नंतर हात लावायचा नाही. हवा मुद्दाम कमी करायची ती फक्त मऊ वाळूत गाडी घालायची असेल तेव्हा, आणि बाहेर डांबरावर आलो की परत भरायची.

तर फुटला. मागचा डावा, दुपारी एकच्या सुमारास. स्टेपनी काढली. जॅक लावला, गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली चाललाय वाळूत. रस्त्याच्या कडेला डांबर संपलं की भुसभुशीतच सगळं, दगड शोधायला गेलो तर दगड नाही हो, शंभर पावलं चाललो, एक दगड नाही! आपल्याकडे ढेकळाला तोटा नाही. शेवटी आई म्हणाली, पोळपाट घे. (आमची आई प्रवासात पोळपाट, लाटणं, छोटी शेगडी सगळं घेते, त्यावरून निघताना मी भांडलो होतो.) पोळपाट जॅकखाली ठेवला आणि गाडी उचलली गेली. त्याच्यावर जॅकच्या बुडाचा वण आहे अजून, पोळ्या त्याच्यावरच होतात. तेव्हापासून डिकीत एक फूट बाय एक फूट प्लायचा तुकडा असतो, आई मात्र तरीही पोळपाट घेतेच.

स्टेपनीतली हवा पण निघायच्या आधी बघा. माझ्यात अर्धीच होती, तसाच चाळीसच्या स्पीडनं पुढच्या गावापर्यंत गेलो.

बोरीकाठ, अमळनेर

सगळे दादालोक टायर आणि इंजिनाचं लिहिणार, म्हणून मी ते लिहिते जे कोणी लिहिणार नाही. बायकांनी जायचं कुठे? आपल्याकडे निदान तुरीचं, कपाशीचं शेत असतं, ज्वारीचं असलं तर प्रश्नच नाही. तिथे गुडघ्याएवढं झुडूप आणि तेही काटेरी. आम्ही दोन कुटुंबं, तीन बायका. पहिल्या दिवशी मी पाणीच कमी प्यायले, संध्याकाळी डोकं इतकं दुखलं की जैसलमेरचा किल्ला बघायचा राहिला. पाणी तोडणं हा उपाय नाही, उगाच आजारी पडाल. दुसऱ्या दिवशी उपाय सापडला : दोन मोठ्या काळ्या छत्र्या. गाडीचं मागचं दार उघडं, एक छत्री इकडे, एक तिकडे, झाली खोली. वारा असला तर धरायला तिसरी बाई लागते. छत्र्या घ्या बायांनो, गॉगल विसरला तरी चालेल.

आणि एक पाण्याचंच. खुरीहून पुढं एका ढाणीजवळ (वस्तीला तिकडे ढाणी म्हणतात) थांबलो, आमच्याकडे बाटल्या होत्या पण गरम झालेल्या. अंगणात जमिनीत गोल सिमेंटचा टांका, वर लोखंडी झाकण आणि कुलूप. पाण्याला कुलूप मी पहिल्यांदा बघितलं. आजूबाजूची जमीन टांक्याकडे उतरती सारवून ठेवलेली, पडलेला पाऊस सगळा त्यात जातो, तेच वर्षभर. त्या बाईनं कुलूप काढलं, बादली सोडली, लोटा भरून दिला. मी सवयीनं पिऊन उरलेलं घोटभर पाणी अंगणात फेकलं. ती काही बोलली नाही, फक्त बघितलं त्या ओल्या डागाकडे. तिची शेळी लगेच आली आणि तिथली वाळू चाटायला लागली. मला अजून लाज वाटते. आपल्याकडे बोरी नदीला पाणी नसलं तरी टँकर येईल एवढी खात्री असते ना.

नंतर तिनं सोगरा खाऊ घातला, बाजरीचाच, आपल्या भाकरीपेक्षा जाड, वर तूप. आम्ही आमचा लसणाचा ठेचा दिला, तिच्या सासऱ्यांनी बोटावर घेऊन चाखला आणि बराच वेळ गप्प बसले.

पारोळ्याचा भाचा

मामा ट्रकवर ड्रायव्हर, सावदा-रावेर पट्ट्यातनं केळी भरून राजस्थान, पंजाबकडे जातात. त्यांना टायपिंग जमत नाही, ते सांगून राहिले, मी लिहितो.

केळी हिरवीच जाते, तिकडे पिकवतात, म्हणून वेळेवर पोचवावी लागते, नाहीतर गाडीतच पिकायला लागते आणि मालक वजावट लावतो. त्यामुळे उन्हाळ्यात मामा दुपारी झोपतात आणि रात्री चालतात. बिकानेर ते सुरतगड हा त्यांचा नावडता रस्ता. खराब आहे म्हणून नाही, चांगला आहे म्हणून. खड्डा नाही, वळण नाही, पाय एकाच जागी. मामा म्हणतात, "डोयाले झोप लागनी ते समजस, मनले लागनी ते समजत नही." म्हणून ते दर दीड तासाला उतरून सगळ्या टायरांवर लाकडी दांडका मारत फिरतात, हवा बघायला पण आणि स्वतःला उठवायला पण. क्लिनरला झोपू देत नाहीत, तो झोपला की आपल्याला पण येते. चहानं झोप जाते हे खोटं, वीस मिनिटं खरंच झोपलं तर जाते.

उंटाचं : रात्री हेडलाईटमध्ये आधी फक्त चार काठ्या दिसतात, रस्त्याच्या कडेला कोणी बांबू रोवलेत असं वाटतं, वरचं धूड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रकचं ठीक, पण छोटी गाडी त्याच्या पायांना धडकते आणि अख्खा उंट काचेवर येतो. लहान गाडीवाल्यांनी अंधार पडला की मुक्काम करावा, असं मामा हात जोडून सांगतात. पालीजवळ ओम बन्नाचं ठाणं लागतं, जिथं बुलेटची पूजा करतात, तिथं ते दर वेळी थांबतात. श्रद्धा आहे का विचारलं तर म्हणाले पाय मोकळे होतात.

नंदुरबारी

आमचं कच्छ. आम्हाला गुजरात घरासारखा, भाषेचा प्रश्न नाही. भुजहून खावडा, तिथून धोलावीरा, हल्ली जो रस्ता थेट रणातून काढलाय तो. जवळजवळ तीस किलोमीटर दोन्ही बाजूला पांढरं, मध्ये काळी डांबराची पट्टी. आम्ही फेब्रुवारीत गेलो. पावसाळ्यात आणि नंतर बरेच दिवस तिथं पाणी असतं, मीठ बघायचं असेल तर डिसेंबरनंतरच जा.

पोरगा सारखा ओरडत होता पप्पा पुढे पाणी आहे, पाणी आहे. रस्त्यालगतची हवा तापते, वरची त्यामानानं थंड, त्यात उजेड वाकतो आणि आकाशच जमिनीवर दिसतं, हे मी त्याला समजावलं, शाळेत विज्ञान शिकवतो मी. पाचच मिनिटांत मीच ब्रेक मारला. मला खरंच पाणी वाटलं. पोरगा अजून सगळ्यांना सांगतो.

मिठावर उतरायची सगळ्यांना हौस असते. वरून फरशीसारखं कडक दिसतं, पण रस्त्यापासून थोडं लांब गेलो आणि माझा पाय कचकन आवाज करून घोट्यापर्यंत आत. खाली काळा चिखल, थंडगार, शेवाळासारखा वास. चप्पल आतच राहिली, हात घालून काढावी लागली. गाडी तर चुकूनही उतरवू नका. आणि घरी आलो की पहिलं काम, गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मी आळस केला, पावसाळ्यापर्यंत सायलेन्सर गंजला.

मस्कतवाला भुसावळकर

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे. मस्कत-सलाला, साधारण हजार किमी, मध्ये हैमा नावाचं गाव, तिथं टाकी फुल करायची आणि जेवायचं. बाकी सपाट, वाळूच्या टेकड्यासुद्धा नाहीत, नुसती खडी आणि धूळ. आम्ही जुलैत गेलो, तिकडच्या खरीफच्या (म्हणजे पावसाळ्याच्या) सीझनला. गाडीत बाहेरचं तापमान दिसतं, ४३, ४३, ४२, मग थुमरैत सोडून डोंगर उतरायला लागलो आणि बघता बघता २६. काचेवर धुकं. वायपर लावला. चौघं खान्देशी गाडीत, कोणीच बोललं नाही, मग एक जण म्हणाला, "तोरणमाळ!" आणि सगळे खाली उतरून भिजत उभे राहिले.

रावेरची केळी

मी ऑस्ट्रेलियात आहे, अॅडलेडहून पर्थला गाडीनं गेलो होतो, नलारबर नावाच्या पठारावरून. बलाडोनिया आणि कायगुनाच्या मध्ये १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही, तसा बोर्डच लावलाय. जळगाव-धुळे दीड वेळा, नाकासमोर. मधे मधे हायवेवरच रनवेचे पट्टे मारलेत, आजारी माणसाला न्यायला डॉक्टरांचं विमान रस्त्यावर उतरतं. मधल्या वस्त्यांची घड्याळं पर्थपेक्षा पाऊण तास पुढं, मोबाईलचा पार गोंधळ उडतो.

पण माझा किस्सा केळीचा. राज्याच्या सीमेवर नाका आहे, फळं, भाजी, मध पुढं नेता येत नाही, कीड पसरू नये म्हणून. आमच्याकडे डझनभर केळी. साहेब म्हणाला, टाका डब्यात. मी रावेरचा, केळीच्या बागेत वाढलेला, टाकू कशी? मित्र आणि मी गाडीबाहेर उभं राहून खायला लागलो, तो साहेब बघतोय. माझी पाच झाली, मित्राची चार, पुढं जाईना. तीन टाकली. रात्री वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "तिकडे भाव काय आहे?"

जळगाव (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं. छत्र्या आणि प्लायचा तुकडा यादीत टाकला, मामांना नमस्कार सांगा. यंदा गाडी निम्मी निम्मी चालवायची ठरलंय, बायकोनं परवा महामार्गावर सराव केला. पारोळ्याच्या अलीकडे तिनं एसी फुलवर केला आणि जाळीतून भुरकन तांबूस पूड उडाली, डॅशबोर्डवर, तिच्या ओढणीवर. वर्ष होत आलं, दोन सर्व्हिसिंग झाल्या, वाळू निघतेच आहे.