चालीवर म्हणणे आणि वाचणे
चालीवर पाठ झालेली कविता मूल वाचत नाही, नुसती आठवते, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे; पण दोष चालीचा नसून, ती म्हणताना मुलाचे डोळे कुठे आहेत हे आपण पाहत नाही, याचा आहे. संथ लयीत ओळ म्हणताना मुलाने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून टाळी दिली, तर ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड बसते. देवनागरीत एक अक्षर बहुधा एका टाळीशी जुळत असल्याने हे सोपेही जाते. अडचण येते ती अकारान्त ('अ'ने संपणाऱ्या) शब्दांत: 'कमल' आपण बोलताना दोन टाळ्यांत संपवतो, छंदात मात्र त्याची तीन अक्षरे मोजली जातात. हा फरक गंमत म्हणून जरूर दाखवावा. लघु-गुरूच्या (आखूड-लांब अक्षरांच्या) मात्रा समजावण्याची घाई मात्र नको. 'लगागा'चा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा ठेका पायांनी धरला की भुजंगप्रयात या वृत्ताची 12 अक्षरांची ओळ अंगात भिनते (व्याख्या मूल पुढे कधीतरी शिकेलच). चालीसाठी ऱ्हस्व स्वर लांबवले जातात, म्हणून तीच ओळ एकदा चालीशिवायही वाचून घ्यावी, नाहीतर 'दिन' आणि 'दीन' लिहिताना गोंधळ होतो.