मदत हवी आहे: क्रोशाच्या प्रवाळात काकींचे एकतीस रुमाल कुठे बसवू?

किनारपट्टी:

नमस्कार मंडळी. विणकामाच्या धाग्यांवर बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही अडलं म्हणून.

आम्ही मालवणातल्या वीस-बावीस बायका आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका (ज्यांचे टाके आम्हा सगळ्यांपेक्षा एकसारखे येतात, सांगायला लाज वाटते) मिळून क्रोशाचं प्रवाळ करतोय. सहा मीटर लांब, दोन मीटर उंच. जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेने पडवीची भिंत दिली आहे. डिसेंबरच्या शेवटी लावायचं, जानेवारीअखेर उतरवायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात खरं प्रवाळ आहे, १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, तरी स्नॉर्कलिंग करून वर आलेला माणूस विचारतो, "ते दगड कसले होते?" त्याला तरी का हसा. मी जन्माने इथली, पण मला पोहता येत नाही, मीही ते फक्त व्हिडिओत पाहिलंय.

कल्पना आमची नाही. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियन जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला क्रोशाचं प्रवाळ करायला घेतलं, आणि मग गावोगावच्या लोकांनी आपापलं केलं. जर्मनीत बाडेन-बाडेनला २०२२ साली जे मांडलं होतं, त्यात चाळीस हजारांच्या आसपास नग होते. आमचे आजवर सहाशे दहा झालेत.

ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी: सपाट गोल रुमालाला मुक्या खांबाच्या (क्रोशाचा साधा, बुटका टाका) दर फेरीत साधारण सहाच टाके वाढतात. ६, १२, १८, २४. प्रवाळाला तसं नाही. दर दोन किंवा दर पाच टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, तो नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. मग कडेला जागा पुरत नाही आणि विणकाम आपोआप झालरीसारखं मुरडायला लागतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये भूमिती शिकवायला अशी मॉडेलं विणली होती. आमच्या बँकवाल्या काकांनी ते एका वाक्यात समजावलं: "रुमाल म्हणजे सरळ व्याज, प्रवाळ म्हणजे चक्रवाढ." वीस टाक्यांवर सुरुवात करून दर पाचाला एक वाढवला तर दहाव्या ओळीला सव्वाशेच्या आत राहता. दर दोनाला एक वाढवलात तर त्याच दहाव्या ओळीला साडेअकराशे! एकीने अख्खा गुंडा एका मुठीएवढ्या नगात घालवला.

आता अडचण. गटात एक काकी आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षं रेडिओवरचे, मग टीव्हीवरचे, मग मिक्सरवरचे रुमाल विणले. त्यांनी आणून दिले एकतीस रुमाल. पांढरं सूत, अननसाचं डिझाइन, एकही टाका इकडचा तिकडे नाही, आणि पोळपाटावर लाटल्यासारखे सपाट. मी त्यांना टाके वाढवून दाखवले, त्यांनी दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा उसवलं. म्हणाल्या, "माका असला वाकडातिकडा जमाचा नाय गो. हात आपसूक सरळ जाता."

कोणाचंही काम बाजूला ठेवायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलंय. पण मुरडलेल्या रंगीत प्रवाळात ते रुमाल ठेवून पाहिले तर समुद्रात कुणी जेवणाचं टेबल मांडल्यासारखं दिसतं. एकजण म्हणाली, मागे लावूया, झाकले जातील. काकी उद्घाटनाला येणार आहेत, आणि त्या मोजणार.

शिवाय दोन प्रश्न. एक, आतापर्यंत निम्मे नग अ‍ॅक्रिलिक लोकरीचे, निम्मे सुती. समुद्राच्या वाऱ्यात महिनाभर काय टिकेल? दोन, हे सगळं बांधायचं कशावर? सुताराने प्लायवूडचा खर्च सांगितला तो ऐकून आम्ही चहा न घेताच उठलो.

उलटसुलट:

आधी लोकरीचं सांगते. उन्हात अ‍ॅक्रिलिक सुतापेक्षा जास्त टिकतं, दुकानांच्या बाहेरच्या छतांचं कापड त्याचंच असतं. सूत ओल धरतं आणि काळे ठिपके पडतात. पण अ‍ॅक्रिलिकचे बारीक तंतू झडतात, आणि ते झडून जाणार कुठे, तुमच्याच पाण्यात. प्रवाळ वाचवा म्हणून प्लास्टिक टांगायचं, हे मला तरी पटत नाही. पडवी आहे, पाऊस नाही, महिनाच आहे. पुढचे सगळे नग सुतात करा. केलेले अ‍ॅक्रिलिकचे फेकू नका, आतल्या बाजूला लावा, वारा कमी लागेल.

लाल आणि गडद निळं सूत मात्र आधी धुऊन बघा. माझ्या एका लाल मफलरने पांढऱ्या सोफ्याचं जे केलं ते अजून घरात निघतं.

घाटावरचा:

बांधकाम हा माझा प्रांत, विणकाम बायकोचा. वजन काढलंत का? एका नगाचे सरासरी चाळीस ग्रॅम धरले तर सहाशे दहाचे साडेचोवीस किलो, कोरडे. दमट हवेत सुताचं वजन आणखी चढणार. चार खिळ्यांवर टांगू नका. बांबूची चौकट करा, वर-खाली आडवे, दर मीटरला उभा. त्यावर कोंबडीजाळी चालते, पण तुमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात ती गंजेल आणि गंजाचे डाग सुतावरून जात नाहीत.

सारंगा:

कोंबडीजाळी कशाला? मालवणात राहता आणि जाळं विकत घेता? रापणीचं (किनाऱ्यावरून ओढतात ते) जुनं, टाकाऊ जाळं मागून घ्या. फाटकं असलं तरी चालतं, तसं बरंच पडलेलं असतं. फक्त एक लक्षात ठेवा, जाळं नुसतं वरून टांगलं की त्याची भोकं मिटतात आणि मधे पोट येतं. चारही बाजूंनी ताणून बांबूला बांधायचं. बांधून द्यायला जाळी दुरुस्त करणाऱ्या कुणालातरी बोलवा, त्यांचा हात आणि तुमचा हात एकाच जातीचा. नग सुती दोरीने बांधा, प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत.

दोन सुया:

रुमालांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि प्रश्न तर तोच होता!

मी चेन्नईच्या त्या मोठ्या ब्लँकेटला तुकडे पाठवले होते (२०१६, गिनेसमध्ये नोंद झाली, अकरा हजार चौरस मीटरच्या वर). तिथे माप ठरलेलं होतं म्हणून सगळ्यांचं काम एकमेकांत बसलं. तुमच्याकडे उलट आहे, मापच नाही. मग काकींना वाकडं विणायला लावायचं कशाला? सरळ विणलेलं वाकवा.

रुमाल घट्ट खळीत बुडवा, पिळा, उलट्या घातलेल्या वाडग्यावर पसरा, उन्हात वाळवा. सुटला की टोपीसारखा उभा राहतो. अननसाच्या डिझाइनची टोकं खाली येतात, त्यातून साखळीच्या लांब लडी सोडा. झाली जेलीफिश. ती प्रवाळावर बसत नाही, वर तरंगते, म्हणजे तुमचं टेबलही मोडलं. खळीला झुरळं आणि मुंग्या लागतात, शाळेच्या पडवीत तर लागणारच. त्यापेक्षा फेविकॉल पाण्यात पातळ करून वापरा.

उलटसुलट:

किंवा पांढरेच राहू द्या आणि प्रवाळातच ठेवा. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतं, रंग जातो, पांढरं पडतं. वर्थाइम बहिणींनीही पांढऱ्या नगांचं वेगळं प्रवाळ केलंय. एका कोपऱ्यात काकींचे पांढरे, तिथेच लोक थांबतील.

दोन सुया:

@उलटसुलट, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला सांगणार, तुमचं काम म्हणजे मेलेलं प्रवाळ?

उलटसुलट:

पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे, पाणी निवलं तर सावरतंही. पण मुद्दा मान्य. मी नसतं सांगितलं.

किनारपट्टी:

सगळ्यांचे खूप आभार. आधी जाळ्याचं: रापणवाल्या एका दादांनी जुनं जाळं फुकट दिलं, वर ताणून बांधायला स्वतः येतो म्हणाले. आमचे नग बघून त्यांनी बांधायची गाठ बदलायला लावली. आम्ही मारत होतो ती ओढली की सरकते म्हणे. बांबू मिळाले. पुढचे नग सुतीच, बँकवाल्या काकांनी उरलेल्या अ‍ॅक्रिलिकची नोंद वहीत केली आहे, तोळ्यावर.

रुमालांचं काकींना मी दोन्ही सांगितलं, पांढरं पडण्याचं आणि जेलीफिशचं. लपवून काय करणार, त्या आमच्यातल्या एकट्याच, ज्या लहानपणी किल्ल्याच्या खडकांवर कालवं काढायला जायच्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पांढरा पडलेला कशाक दाखवतास? ता तसाच दिसतला. माका वरती टांगा."

काल त्यांच्या ओट्यावर पहिला रुमाल फेविकॉलच्या पाण्यात बुडवून स्टीलच्या टोपावर घातला. टोप त्यांचा, पेजेचा. दुपारी सोडवायला गेलो तर सुटेना. नखाने, सुरीने, शेवटी गरम पाणी ओतलं, तेव्हा निघाला, पण पुन्हा सपाट होऊन. काकी हसून हसून बेजार.

@दोन सुया, टोपाला आधी काय लावायचं, तेल की प्लास्टिकची पिशवी? तेलाचा डाग पांढऱ्या सुतावर राहील का? आणि साखळीच्या लडी किती लांब सोडू? काकी हातभर म्हणतायत, मला वीतभर पुरेशा वाटतात. अजून तीस उरलेत.

दोन सुया:

पिशवी. तेल अजिबात नको. आणि लडी काकी म्हणतील तेवढ्या.