रोटरी फाईल एका पेशंटनंतर टाकायची की नाही?

विश्रामबागचा डेंटिस्ट: रूट कॅनॉलची रोटरी फाईल, म्हणजे मुळातली नळी साफ करणारी, मोटरवर फिरणारी पिळाची बारीक सुई, एका पेशंटला वापरली की कचऱ्यात, मग दात कुठलाही असो, असं माझं मत. “अजून चांगली दिसतेय की” हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. फाईल ज्या निकेल-टायटॅनियम धातूची असते, त्याची गोम तिथेच आहे. टोक अडकलं आणि मोटर फिरत राहिली तर पीळ उलगडतो. तो भिंगाखाली दिसतो, आपण फाईल फेकतो. वाकड्या मुळात फिरून धातूला येणारा थकवा मात्र दिसत नाही. ३०० आरपीएमला (मिनिटाला ३०० फेऱ्या) वाकणातल्या फाईलची प्रत्येक बाजू दर फेरीला एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. म्हणजे १० सेकंदांत ५० वेळा. पीळ जसाच्या तसा, आणि अचानक तुकडा मुळात. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये फाईल एकदाच वापरायला सांगितलं, पण ते प्रायॉन रोगाच्या, म्हणजे निर्जंतुक करूनही हत्यारावर टिकू शकणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या, धास्तीने. माझं कारण धातूचं आहे.

तासगाव क्लिनिक: सर, विश्रामबागेत हे परवडतं. माझ्याकडे जत, कवठेमहांकाळहून माणसं येतात. बिल वाढलं की “काढूनच टाका दाढ” म्हणतात. दाढच गेली तर तुमच्या कोऱ्या फाईलचं काय करू? पुढच्या सरळ दातात वापरलेली फाईल मी साफ करून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा घेतो. मूळ वाकडं असेल तर नवी घेतो आणि नंतर टाकतो. दोन्हीला एकच कायदा कशाला?

कुपवाडचा मेकॅनिकल इंजिनिअर: दातातलं कळत नाही, शाफ्ट तुटलेले पुष्कळ पाहिलेत. तुम्ही दोघंही पेशंट मोजताय, फाईल फेऱ्या मोजते. या फाईलींच्या थकव्यावरचा प्रुएट आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास वाचला. नुसता कोन पुरत नाही, वाकणाची त्रिज्याही बघावी लागते. कोन तोच, पण वळण आखूड असेल तर फाईल लवकर जाते. जाड फाईल पिळवटण्याला टिकते, वाकणात मात्र आधी थकते; बारकीचं उलट. एका अवघड दाढेत फाईलचं आयुष्य संपू शकतं. “पाच वेळा वापरा” म्हणणाऱ्याने कुठल्या पाच दाढा ते सांगावं.

मिरजेची एंडो (रूट कॅनॉलतज्ज्ञ): विश्रामबागकर, तुमच्या नियमाने लोकांना खोटा धीर येतो. कोरी फाईलही पहिल्याच दाढेत तुटते. १० आणि १५ नंबरच्या बारीक हातफाईलने वाट केली नाही, वरून सरळ प्रवेश घेतला नाही, फाईल दाबून घातली, तर पॅकेट आत्ता फोडलं होतं याला अर्थ नाही. हीट-ट्रीटेड (उष्णता देऊन लवचीक केलेल्या) फाईलच्या जाहिरातीतले आकडेही जपून वाचा. चाचणी खोलीच्या तापमानाला झाली असेल तर तोंडातल्या ३७ अंशांना ती तेवढी टिकत नाही.

गणपती पेठेतला पेशंट: तुमचं चालू द्या. माझ्या दाढेत तुकडा आहे, हे मला दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेवरून कळलं. ज्यांच्या हातून तुटली ते अवाक्षर बोलले नव्हते.

तासगाव क्लिनिक: सांगितलं की माणूस घाबरतो, गावभर करतो. दाढ दुखत नसेल तर उगाच का?

मिरजेची एंडो: उगाच? दाढ त्यांची आहे. तुकडा राहिला म्हणजे दाढ गेली असं नाही, हे समजावून सांगता येतं. स्पिली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, मुळाच्या टोकाशी आधीच गाठ असलेल्या दातांत तुकडा राहिला तेव्हा ८६.७ टक्के बरे झाले, तुकडा नसलेले ९२.९ टक्के. गाठ नसेल तर फरक आणखी कमी. तुकडा खोल असेल तर काढायच्या नादात मूळच पोखरलं जातं, म्हणून कधीकधी तो राहू देणंच बरं. पण लपवलं तर वर्षाने एक्स-रे काढून बघणार कोण?

विश्रामबागचा डेंटिस्ट: सांगायलाच हवं, यात वाद नाही. पण तासगावकर, सरळ दातातून निघालेल्या फाईलच्या खाचांतला दातांचा भुगा ऑटोक्लेव्हने जात नाही. तो घासून कोण काढतं, तुम्ही की असिस्टंट?

तासगाव क्लिनिक: असिस्टंट. अल्ट्रासॉनिक मशीनमधून (ध्वनिलहरींनी धुऊन) काढून, मी भिंगाखाली बघतो.

विश्रामबागचा डेंटिस्ट: म्हणजे पुन्हा डोळ्यावरच भरवसा.

गणपती पेठेतला पेशंट: बिलात नव्या फाईलचे पैसे वेगळे लिहून विचारलं असतं तर मी दिले असते.

तासगाव क्लिनिक: तुम्ही दिले असते हो. जतचा माणूस एसटीचं भाडं मोजून येतो, त्यालाही एकदा विचारा.