तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल (टायफॉइडसाठीची रक्तचाचणी): टिपणात ठेवावी की काढावी?

कोकणातला जीपी
आम्ही तालुक्यातले काही जीपी (जनरल प्रॅक्टिशनर) मिळून तापाच्या तपासण्यांचं एकपानी टिपण करतोय. पावसाळ्यात रोजचंच आहे: ताप येऊन दोन दिवस झालेले, हातात 'फिवर प्रोफाइल'चा रिपोर्ट, विडाल ओ १:८०, एच १:१६०. "डॉक्टर, टायफॉइड निघालाय, सलाइन लावा." मजुरीवर जाणाऱ्या बाईची दिवसाची कमाई त्या कागदात गेलेली असते. याचा मला मनापासून त्रास होतो.

माझं म्हणणं, तापाचा कितवा दिवस आहे ते बघून तपासणी सांगावी. मलेरियाचा स्मीअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच. डेंग्यूची शंका असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), पुढे आयजीएम एलायझा (अँटिबॉडी शोधणारी चाचणी). विडाल काढूनच टाकावी. पण "इतकी वर्षं करतोय की" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना काय दाखवू?

मायक्रोबायोलॉजीवाली
सर, विडालमध्ये आपण अँटिबॉडी (जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) बघतो. पहिल्या आठवड्यात त्या बहुतेकदा पुरेशा तयार झालेल्या नसतात. उलट पूर्वी टायफॉइड होऊन गेलेल्या, काही वेळा लस घेतलेल्या माणसातही त्या सापडतात. सात-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन टायटर (१:८० सारखं अँटिबॉडीचं प्रमाण) चौपट वाढलं, तर त्याला काही अर्थ. तोवर थांबतं कोण? टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) पाठवा. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. आमच्याकडे दोन मिली येतं, तेही फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीतून! आणि कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे टायफॉइड नाहीच, असं मात्र धरू नका.

लॅबवाला
पॅकेज पेशंटच मागतात, हेही खरं. चिठ्ठीवर तापाचा दिवस आणि चालू औषधं लिहून आली, तर आम्हालाही दोन शब्द सांगता येतात.

फिजिशियन
कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) विसरू नका. भातलावणीला चिखलात उभा राहिलेला माणूस, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. लेप्टोची आयजीएम चाचणी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. तिच्या रिपोर्टसाठी डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) अडवू नये. लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली तर सरळ रुग्णालयात.

कोकणातला जीपी
आभार. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१९ची आवश्यक चाचण्यांची यादी कुठल्या पातळीवर कोणती चाचणी उपलब्ध हवी ते सांगते. कुणाला, कधी, हे आपल्यालाच ठरवायचंय. लेप्टोची ओळ वर घेतो. मॅडम, कल्चरच्या बाटल्या दवाखान्यात ठेवायच्या तर किती तापमानाला, आणि रक्त घेतल्यावर किती तासांत तुमच्याकडे पोचायला हव्यात?