दस्तात १२ एकर, मोजणीत ११ एकर १४ गुंठे: २६ गुंठ्यांची तफावत कशी शोधावी?

प्रश्नकर्ता

नमस्कार. आमच्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या शेतजमिनीचे क्षेत्र खरेदीदस्तात १२ एकर असे लिहिलेले आहे. कुंपण घालण्यापूर्वी नुकतीच रीतसर मोजणी करून घेतली, तेव्हा क्षेत्र ११ एकर १४ गुंठे भरले. जमीन साधारण आयताकृती असून दक्षिणेला गाडीरस्ता, उत्तरेला ओढा आणि पूर्व-पश्चिमेला बांध आहेत. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी बांधालगत तारेचे कुंपण घातले असून ही बाजू सुमारे ९०० फूट लांब आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की कमी भरलेली जमीन शेजाऱ्यांकडेच गेली असली पाहिजे. मी स्वतः मोबाईलवरील अ‍ॅप सुरू ठेवून जमिनीला फेरी मारली, तर त्यात क्षेत्र १२ एकरांच्याही थोडे वर दिसले. शेजाऱ्यांशी आमचे संबंध चांगले आहेत आणि पुरेशा आधाराशिवाय त्यांच्याकडे हा विषय काढणे मला योग्य वाटत नाही. ही तफावत नेमकी कशामुळे आली हे कोणत्या क्रमाने तपासावे?

पहिला प्रतिसाद (भूमापनाचे काम करतो)

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो: क्षेत्र हे हद्दींवरून काढले जाते, हद्दी क्षेत्रावरून ठरत नाहीत. दस्तात १२ एकर लिहिले आहे म्हणून तेवढे भरेपर्यंत कुंपण सरकवता येत नाही. अनेक देशांच्या कायद्यात, दस्तातील वर्णन आणि जागेवरील स्थिती यांचा मेळ बसत नसेल तर मूळ खुणा आणि चतुःसीमा यांना आकड्यातील क्षेत्रापेक्षा अधिक वजन दिले जाते, आणि अनेक दस्तांत क्षेत्रापुढे ‘अंदाजे’ किंवा ‘कमी-जास्त’ असे शब्द असतात ते याचसाठी.

आता शेजाऱ्यांविषयीची शंका हिशेबाने पडताळून पाहा. २६ गुंठे म्हणजे २८,३१४ चौरस फूट. ही सगळी जमीन पूर्वेच्या ९०० फूट बाजूने गेली असे मानले, तर कुंपण सलग ३१ फुटांहून अधिक आत आलेले असले पाहिजे. एवढे अतिक्रमण लपून राहत नाही: जुना बांध, बांधावरची मोठी झाडे, पाण्याची चर यांच्या खुणा कुंपणाच्या पलीकडे ठळकपणे दिसतील. तशा त्या दिसत नसतील, तर निदान एवढी मोठी तफावत तरी कुंपणामुळे आलेली नाही असे समजावे.

बांधाची कोणती कड मोजली हेही विचारा. तुमच्या जमिनीची परिमिती सुमारे २,९५० फूट येते. मोजणी बांधाच्या मध्याऐवजी आतल्या कडेवरून झाली आणि सगळीकडे तीन फुटांचा फरक पडला, तर तेवढ्यानेच सुमारे आठ गुंठे कमी होतात. मोबाईलच्या आकड्याचेही असेच आहे. साध्या मोबाईलची जागा दाखवण्यातील चूक मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची असते, आणि आपण बांधाच्या बाहेरून दहा फुटांवरून चाललो तर क्षेत्र सुमारे २७ गुंठ्यांनी वाढलेले दिसते. त्या आकड्यावर वाद उभा करू नये.

दुसरा प्रतिसाद

वरील मुद्द्यांशी मी सहमत आहे. जमिनीला उतार आहे का, हे आपण लिहिलेले नाही. मोजणीत धरले जाते ते सपाट क्षेत्र, म्हणजे वरून पाहिल्यावर जमीन जेवढी जागा व्यापते तेवढे. आपण पायाने चालतो ते उताराचे क्षेत्र त्याहून अधिक असते. १५ अंशांच्या उतारावर हा फरक सुमारे साडेतीन टक्के होतो. जुन्या काळी ६६ फुटी साखळी उतारावर तशीच टाकून मोजले असेल, तर नोंदीत क्षेत्र जास्त लागलेले असते. लांबीत एक टक्का चूक झाली की क्षेत्रात ती जवळजवळ दोन टक्के होते, हेही ध्यानात ठेवावे.

ओढ्याकडेही दुर्लक्ष करू नये. काठ हळूहळू खचत गेला तर अनेक ठिकाणच्या कायद्यानुसार हद्दही त्याच्याबरोबर सरकते, मात्र एखाद्या पुरात प्रवाहाने एकाएकी वाट बदलली तर हद्द जुन्या पात्रावरच राहते. त्यामुळे जमीन काठाकडून गेली असल्यास ती कशी गेली याला महत्त्व आहे.

तिसरा प्रतिसाद

माझी सूचना अगदी साधी आहे: आपल्या दस्ताच्या आधीचा दस्त काढा आणि त्यातील क्षेत्र कोणत्या पद्धतीने लिहिले आहे ते पाहा. एकराचे ४० गुंठे होतात, पण ‘५.२०’ असा आकडा कोणी पाच एकर वीस गुंठे म्हणून वाचतो, तर कोणी पाच पूर्णांक दोन दशांश एकर म्हणून. या एकाच आकड्याच्या दोन वाचनांत १२ गुंठ्यांचा फरक आहे. नकाशे आणि साखळ्या तपासण्याआधी हे तपासणे स्वस्त पडते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जमीन जवळजवळ सपाट आहे आणि ओढ्याचा काठ दगडी असल्याने तो खचल्याचे दिसत नाही. मात्र आधीचा दस्त मिळाला. त्यात जमीन दोन तुकड्यांत असून त्यांची क्षेत्रे ४.३५ आणि ७.०५ अशी, सोबतच्या तक्त्यात ‘दशांश एकर’ या शीर्षाखाली दिली आहेत. त्यांची बेरीज ११.४० एकर, म्हणजे ११ एकर १६ गुंठे होते. आमचा दस्त करताना हाच आकडा ११ एकर ४० गुंठे असा वाचून १२ एकर लिहिला गेला असावा. शिवाय आग्नेय कोपऱ्यात माती उकरल्यावर छिन्नीने फुली कोरलेला दगड सापडला, आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाचा खांब त्याच्या अगदी लगत, त्यांच्याच बाजूला आहे.

पहिला प्रतिसाद (भूमापनाचे काम करतो)

म्हणजे २६ पैकी २४ गुंठे प्रत्यक्षात कधी नव्हतेच. उरलेले दोन गुंठे बांधाच्या कडेवरून सहज येऊ शकतात आणि त्यांसाठी शेजाऱ्यांकडे जाण्याचे कारण उरत नाही. तो दगड मात्र हलवू नका. तो जागेवर असतानाच त्याचे फोटो काढा, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून त्याची अंतरे मोजून लिहून ठेवा आणि भूमापकाला तो बिंदू नकाशावर घ्यायला सांगा. उरलेल्या तीन कोपऱ्यांची खात्री करताना शेजाऱ्यांनाही बोलवा, म्हणजे नकाशावर दोन्हीकडच्या सह्या होतील. आता प्रश्न राहतो तो विकणाऱ्यांशी झालेल्या व्यवहाराचा. किंमत एकरी दराने ठरली होती की संपूर्ण जमिनीची एकत्रित, हे दस्तात पाहून मगच वकिलांचा सल्ला घ्या, कारण चूकदुरुस्तीबरोबर पैशांची मागणी करता येईल की नाही हे बहुधा त्यावरच ठरेल.